आमची वाटचाल: पॉइंटचा भाव आणि पाइपातला गाळ

"पॉइंटला किती घेता?" सांगलीत घरच्या वायरिंगचं काम घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी हेच विचारतं. पॉइंट म्हणजे दिवा, पंखा किंवा सॉकेटची एक जागा. आम्ही उलट विचारतो, फिटिंग कुठलं? भिंतीवरची पट्टी, उघडा पाइप की कन्सील्ड, म्हणजे भिंतीत पुरलेला पाइप, हे ठरल्याशिवाय आमच्या दुकानातून भाव निघत नाही. या हट्टापायी कामं गेली, माणसं तुटली, तरी हट्ट सोडलेला नाही.

अण्णांनी आणि मी भागीदारीत सुरुवात केली तेव्हा सागवानी पट्टीवर लिंक क्लिपा ठोकायचे दिवस सरत आले होते आणि केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकणाची प्लास्टिकची पट्टी, जोरात होतं. दुकानाला पाटी लावायच्या आधी अण्णांनी हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेतला. तो आजही रोज वापरात आहे. मेन बंद, बल्ब काढलेले, उपकरणं सोडवलेली आणि हँडल क्लच सरकेपर्यंत एका लयीत फिरवायचं. काटा एक मेगओहमच्या खाली दिसला की अण्णा बिल करू देत नाहीत, मालक कितीही घाईत असो.

पुढे काम वाढलं, पोरं तयार झाली, सगळं सुरळीत चाललं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर अर्ध्या गावाचं वायरिंग एकदम निघालं. पट्टीचं काम त्यातल्या त्यात सोपं. झाकण काढा, वायर बदला, पट्टी धुऊन परत बसवा. कन्सील्डमध्ये गाळ बेंडात घट्ट बसतो. स्प्रिंगला चिंधी बांधून ती पाइपातून ओढून गाळ काढायचा, मग कॉम्प्रेसरची हवा मारायची, तरीही अडला तर भिंत फोडून पाइपासाठी नवी झिरी, म्हणजे खाच. एकाच घरात दोन खोल्यांचा खर्च दुपटीने वेगळा येतो. आम्ही तसंच अंदाजपत्रक दिलं.

त्याच वेळी एक ठेकेदार दारोदार फिरून सरसकट एकच पॉइंट रेट सांगू लागला. पट्टी असो वा कन्सील्ड, भाव तोच. तो परवडायचा कसा, हे नंतर त्याचेच बोर्ड उघडल्यावर कळलं. स्विच नवे आणि आतली वायर तीच भिजलेली. गिझरच्या पॉइंटला एक एमएमची, म्हणजे फारच बारीक वायर, अर्थिंगची हिरवी वायर बॉक्सात गुंडाळून सोडलेली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि आम्हाला लुटारू म्हटलं. आमची दोन तयार पोरं त्याच्याकडे गेली. थकबाकी वाढली तसा होलसेलवाल्याने माल बंद केला. त्या दिवाळीत दुकान ठेवायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा गावभागातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दोन्ही अंदाजपत्रकं टेबलावर शेजारी ठेवली आणि ओळ न ओळ विचारली. जुना भाग दगड-मातीचा, तिथे झिरी मारली तर भिंत ढासळते आणि स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टीही सैल बसते, म्हणून लाकडी फळ्यांवर पट्टी. नवा भाग आरसीसीचा, तिथे जुनेच पाइप साफ करून नवी वायर. बोर्ड पुराच्या रेषेच्या वर, वायर छताकडून खाली आणि तळमजल्याला स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. "त्याच्या कागदावर पायपाचा उल्लेखच नाही," बाई म्हणाल्या आणि काम आम्हाला दिलं. मग त्यांची अख्खी गल्ली आली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी घरात शिरलं, पण त्यांच्या बोर्डांना लागलं नाही.

तांब्यानेही धडा दिला. मे २०२१ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला १० हजार डॉलरच्या पुढे गेलं आणि एका बिल्डरने मात्र वर्षापूर्वीच्या मटेरियलसह रेटवर बोट ठेवलं. आमची मजुरी त्या वायरीतच गेली. तेव्हापासून पाइप मीटरवर, वायर त्या दिवशीच्या भावाने, बॉक्स नगावर आणि मजुरी वेगळी.

नव्या पोरांनो, कन्सीलला चार खेपा असतात: स्लॅबचं पायपिंग, भिंतीच्या झिऱ्या, वायर ओढणं, शेवटी फिटिंग. प्रत्येक खेपेचे पैसे त्या खेपेलाच घ्या. स्लॅब ओतला की तुमचं काम दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे पैसे मागायला जड जातं. आणि घरमालकांनो, प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच एमएम आणि एसीला चार एमएम वायर कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याला अॅडव्हान्स देऊ नका.