नवी रायफल, नवा स्कोप आणि २५ यार्डांवरचा कागद

इथे इंग्लंडमध्ये एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही असं सांगितलं की घरची मंडळी दोन प्रश्न लागोपाठ विचारतात. खरंच? आणि कशाला?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण सव्वासोळा ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलीला परवाना नाही. त्याच्या वर गेलात की ती कायद्याने बंदूकच, मग पोलिसांचं प्रमाणपत्र हवं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअर रायफलीलाही प्रमाणपत्र लागतं. परवाना नाही म्हणजे मोकळं रान, असंही नाही. वय १८ पूर्ण हवं, दुकानदाराकडून रायफल समोरासमोरच घ्यावी लागते, घरात ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही याची जबाबदारी तुमची, आणि योग्य कारणाशिवाय ती सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरणं हा गुन्हा. रेंजवर नेताना मी ती रिकामी करून, कव्हरमध्ये घालून गाडीच्या डिकीत ठेवते.

‘कशाला’चं उत्तर देण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

मी घेतली ती वायराउख कंपनीची एचडब्ल्यू ९७ के, ०.१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरची. बव्हेरियातल्या मेलरिखश्टाटमध्ये ही रायफल बनते. हिच्यात हवेची टाकी नाही, स्प्रिंग आहे. नळीखालचा दांडा खाली ओढून मागे घेतला की आतला पिस्टन मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की पिस्टन सुटतो, समोरची हवा एका क्षणात दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर छर्रा बाहेर पडतो. पंप नको, सिलिंडर नको. हल्ली क्लबात बहुतेकांकडे आधीच हवा भरून ठेवायच्या पीसीपी रायफली दिसतात. त्या चालवायला सोप्या आणि अचूकही. तरी मी स्प्रिंगच घेतली, कारण ती नेमबाजाकडून जास्त मागते, आणि मला तेच हवं होतं.

या रायफलीला स्वतःची माशी किंवा मागची खाच येत नाही. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावल्याशिवाय नेमच धरता येत नाही, आणि स्प्रिंगवर कुठलाही स्कोप चालत नाही. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे धक्का देते, आणि तो पुढे हवेच्या उशीवर थबकला की रायफल उलटी पुढे झेपावते. असा दुहेरी झटका प्रत्येक गोळीला. मोठ्या बंदुकीचे फक्त मागचा धक्का सोसणारे चांगले चांगले स्कोपसुद्धा यात खिळखिळे होतात. म्हणून स्प्रिंगसाठी बनवलेला, १० यार्डांपासून फोकस होणारा ३-९ बाय ४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची) स्कोप घेतला. स्कोप रायफलीवर पकडून ठेवणारा माउंट एकसंध निवडला. त्याच्या खालची पिन रायफलीवरच्या भोकात बसते, नाहीतर प्रत्येक झटक्याला अख्खा माउंट खाचेवरून थोडा थोडा मागे सरकत जातो.

स्कोप बसवायला घरी अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली. भिंतीशी ओळंबा सोडला, रायफल सरळ आडवी बसवली आणि स्कोप हळूहळू फिरवत उभी क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या फुलीची उभी रेघ, दोरीवर आणली. ही रेघ तिरकी राहिली तर जवळच्या अंतरावर काहीच कळत नाही. लांब गेलं की छर्रे एका बाजूला पडू लागतात आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. मग रिंगचे स्क्रू आलटून पालटून, प्रत्येक वेळी थोडेच आवळले. शेवटी पांढऱ्या भिंतीकडे झटकन बघून क्रॉसहेअर काळीभोर दिसेपर्यंत डोळ्याकडची रिंग फिरवली. टक लावून बघितलं तर डोळाच जुळवून घेतो, म्हणून फक्त नजर टाकायची.

आमची रेंज शेतांच्या कडेला आहे. मागे मातीचा उंच बांध, वर पत्रा आणि रांगेत बाकं. शिस्त मात्र कडक. ‘सीज फायर’ म्हटलं की सगळ्यांचे हात रायफलीपासून दूर, ब्रीच (छर्रा भरायचं नळीचं मागचं तोंड) उघडे, आणि रेंज ऑफिसर सांगेपर्यंत कोणी रेघ ओलांडत नाही. आमचे रेंज ऑफिसर सत्तरीपार आहेत. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून अजूनही ‘सर’च निघतं, आणि त्यांनीही आता ते चालवून घेतलंय.

त्यांनी पहिल्यांदा रायफल क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, धरायला लावली. इथे हे फार महत्त्वाचं, कारण मर्यादा ओलांडली तर मालक अडचणीत. नव्या रायफलीतलं ग्रीस सुरुवातीला जळतं, नळीच्या तोंडाशी निळसर धूर येतो, जळकट वास येतो आणि वेग वरखाली उड्या मारतो. याला डिझेलिंग म्हणतात. ते ओसरेपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही आणि झिरोही (ठरावीक अंतरावर छर्रा नेमक्या क्रॉसहेअरवर पडेल अशी स्कोपची जुळवणी) लावायचा नाही. थोड्या वेळाने वेग स्थिरावला. ८.४४ ग्रेनच्या छर्ऱ्याला सेकंदाला ७७० फुटांच्या आसपास, म्हणजे साधारण ११.१ फूट-पाउंड. सरांनी मान डोलावली.

मग २५ यार्डांवर कागद लावला. भरण्याची कृती मला फार आवडते. एका हाताने दांडा घट्ट धरून ठेवायचा (आत दांडा अडवणारा खटका आहे, तरी बोटं उघड्या ब्रीचपाशी असताना दांडा सोडायचा नाही), दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने छर्रा नळीत बसवायचा. कंबरेत बारीक असलेला तो शिशाचा छर्रा नळीच्या आट्यांत रुतताना अंगठ्याखाली स्पष्ट जाणवतो. एखादा सैल गेला तरी कळतं, आणि तो नेमका ग्रूपबाहेर, म्हणजे बाकीच्या छर्ऱ्यांच्या घोळक्याबाहेर, पडतो.

सुरुवातीचे छर्रे मधल्या बिंदूच्या ४० मिलिमीटर खाली आणि १५ मिलिमीटर उजवीकडे पडले, पण एकत्र. एकत्र पडणं महत्त्वाचं, जागा नंतर हलवता येते. या स्कोपची चकती एक क्लिक फिरवली की नेम पाव मिनिट कोनाने (साठ मिनिटं म्हणजे एक अंश) सरकतो. २५ यार्डांवर ते होतं सुमारे १.६६ मिलिमीटर. म्हणजे २४ क्लिक वर, ९ क्लिक डावीकडे. लगेच निकाल पाहायचा नाही, दोन-चार छर्रे झाडून स्प्रिंगच्या झटक्याने स्कोपचे आतले भाग जागेवर बसू द्यायचे. त्यानंतरचा ग्रूप बिंदूवरच आला.

स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकायला लागलेली असते. आपण हाताने, खांद्याने, गालाने जितका दाब देऊ तितका तो धक्का दर वेळी वेगळा होतो आणि छर्रे विखुरतात. म्हणून पुढचा हात उघडा ठेवायचा, भरलेली वाटी तळहातावर पेलावी तसा, आणि रायफलीला तिच्या मनासारखं हलू द्यायचं. खांद्याला दस्ता नुसता टेकलेला. चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा मऊ, मग बारीकशी भिंत, आणि त्या भिंतीवर दाब वाढवत न्यायचा. सुटल्यावरही डोळा स्कोपमध्येच ठेवायचा. क्रॉसहेअर उडून कुठे परत येते ते दिसतं. ती बिंदूवरच परतली तर पकड बरोबर. बाजूला गेली तर कुठला स्नायू ताणलेला होता ते शोधायचं. स्कोपचा खरा उपयोग मला इथे वाटतो. लांबचं जवळ दिसतं हे ठीकच, पण आपल्या हृदयाचा ठोकासुद्धा क्रॉसहेअरवर उमटलेला दिसतो.

आपल्याकडे एअर रायफल म्हटलं की २००८ चं बीजिंग आणि अभिनव बिंद्रा आठवतो, किंवा २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील. त्यांचा प्रकार १० मीटरचा, उभं राहून, स्कोपशिवाय, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यांची उंची वेगळीच. पण श्वास अर्धा सोडून थांबणं आणि गोळी गेल्यावरही शरीर न हलवणं, हे काम तेच. मला त्या खेळाबद्दल वाटणारा आदर रेंजवर जाऊ लागल्यापासून कितीतरी पटींनी वाढलाय.

शेवटी झिरो ३० यार्डांवर नेला. स्कोप नळीच्या जवळपास साडेचार सेंटीमीटर वर बसतो, त्यामुळे छर्रा नजरेची रेघ दोनदा ओलांडतो. आधी साधारण १६-१७ यार्डांवर खालून वर येताना, मग ३० वर खाली उतरताना. १० यार्डांवर तो सेंटीमीटरभर खाली लागतो, २५ वर तीन-चार मिलिमीटर वर, आणि ४० वर जवळजवळ अडीच सेंटीमीटर खाली. हे सगळं पाठ व्हायला हवं, कारण मला हंटर फील्ड टार्गेट खेळायचंय. झाडीत ४५ यार्डांपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याची पडणारी टार्गेटं असतात, अंतर आपणच डोळ्यांनी ठरवायचं, आणि स्पर्धा सुरू झाली की स्कोपला हात लावायचा नाही. किती वर, किती बाजूला धरायचं ते रेटिकलवरच्या, म्हणजे स्कोपमधल्या फुलीवरच्या, ठिपक्यांवरून.

छर्ऱ्यांच्या दोन प्रकारांची चाचणी अजून राहिली आहे, आणि ४० यार्डांवर आडवा वारा किती ढकलतो तेही मांडून बघायचंय. सरांनी पुढच्या वेळी वही आणायला सांगितलीय.