तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त तापानं गेलं की गोळ्यांनी?

गोव्यातल्या फोंड्यात गेली 25 वर्षं मी रक्ततपासणीचं काम करते. काउंटरवर येणाऱ्या प्रश्नांपैकी एक काही केल्या थांबत नाही. मागच्या आठवड्यात बोरीहून आलेल्या एका सुनेनं तो पुन्हा विचारला. सासूला मलेरिया झाला होता. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण हिमोग्लोबिन 11.6 वरून 9.8 वर आलं. "ताप होता तेव्हा रक्त बरं होतं, गोळ्या सुरू केल्या आणि कमी झालं. ताई, खरं सांगा, रक्त तापानं गेलं की गोळ्यांनी?" गोळ्या तिच्या पर्समध्येच होत्या. चौदातल्या नऊ शिल्लक. सासूनं त्या बंद केल्या होत्या.

मागे रांग होती, म्हणून तिला उभ्याउभ्या एवढंच सांगितलं की रक्त तापानंच गेलंय, गोळ्या सोडू नका, पण आधी डॉक्टरांना एकदा विचारा. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बरोबरच आहे. हे उत्तर एका वाक्यात मावणारं नाही.

सुरुवात स्लाइडपासून करते, कारण मी हे सगळं तिथेच शिकले. अनामिकेला सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढच्या थेंबातून काचेवर एक जाड ठिपका आणि एक पातळ थर घ्यायचा. रंग देऊन, धुऊन, वाळवून तेलाच्या भिंगाखाली ठेवलं की पातळ थरात तांबड्या पेशी सुट्या सुट्या दिसतात, फिकट गुलाबी, मधे जरा पांढुरक्या. आणि मग एखादी पेशी वेगळीच दिसते. शेजारणींपेक्षा फुगलेली, रंग उतरलेला, अंगावर बारीक गुलाबी ठिपके. आत निळसर वेडंवाकडं कडं, त्यावर लाल बिंदू, जणू खडा बसवलेली अंगठी. हा व्हायव्हॅक्स, मलेरियाच्या जंतूचा एक प्रकार. थोडा वाढला असेल तर त्याच्या अंगात तपकिरी कणही दिसतात.

त्या तपकिरी कणांपाशी मी दर वेळी थांबते. ते कण म्हणजे खाल्लेल्या हिमोग्लोबिनचा उरलेला भाग. जंतू तांबड्या पेशीत शिरतो तो खाण्यासाठी. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन तो पचवतो, पण लोह असलेला भाग त्याला पचत नाही. उलट तो त्याला विषारी असतो. म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. मलेरियाची पहिली गोळी, क्लोरोक्विन, नेमकं इथे काम करते. ती स्फटिक होऊ देत नाही, आणि जंतू स्वतःच्याच उष्ट्याच्या विषानं मरतो. म्हणजे या गोळीचा रोख पेशीतल्या पाहुण्यावर आहे, पेशीवर नाही.

व्हायव्हॅक्सचा जंतू पेशीत साधारण 48 तास राहतो, आत वाढतो, विभागतो, आणि पेशी फोडून एकदम डझन-दोन डझन पिल्लं बाहेर पडतात. फुटण्याची ती वेळ म्हणजे हुडहुडी भरण्याची वेळ. जुनी माणसं 'एकांतरा ताप' म्हणायची ते यामुळेच, एक दिवस आड. लाव्हरान यांनी 1880 मध्ये अल्जीरियात हा जंतू रक्तात पहिल्यांदा पाहिला, आणि काही वर्षांनी इटलीत गोल्जी यांनी तापाची पाळी आणि पेशी फुटण्याची वेळ यांचा मेळ दाखवला.

आता कोणी म्हणेल, शंभरातल्या एक-दोन पेशींत जंतू, तेवढ्या फुटल्या तर हिमोग्लोबिन दोननं कसं उतरेल? हा प्रश्न मलाही सुरुवातीला पडायचा. जंतू बसलेल्या एका पेशीमागे निरोगी अशा अनेक पेशी शरीर स्वतःच मोडून टाकतं. त्या तापात चांगल्या पेशीही कडक होतात, त्यांच्यावर खुणा चिकटतात, आणि पानथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, बारीक फटींतून त्यांना निघता येत नाही. पानथरी त्यांना तिथेच संपवते. म्हणून तर मलेरियात डाव्या बरगडीखाली ती हाताला लागते. शिवाय त्या दिवसांत हाडांतल्या मगजाचं काम मंदावतं. एरवी आपलं शरीर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी बनवतं. खर्च वाढला आणि त्याच वेळी आवक घटली, असा तो हिशेब आहे.

ही मोडतोड जंतू मेल्यावर लगेच थांबत नाही. पानथरी आणखी काही दिवस तशीच कडक राहते आणि मगजाला उठायला वेळ लागतो. म्हणून ताप उतरल्यावरच्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणखी उतरतं आणि मग चढू लागतं. सासूबाईंचं बहुधा हेच झालं असावं. प्लेटलेट मात्र दोन-चार दिवसांत भरभर वर येतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की एक सुधारलं आणि दुसरं बिघडलं, म्हणजे गोळीच वाईट.

इथपर्यंत उत्तर सरळ आहे. पण चौदा दिवसांची ती छोटी गोळी, प्रायमाक्विन, हिच्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, आणि ते माझ्या घरातलं आहे.

माझा धाकटा भाऊ पर्वरीला एका बांधकामावर देखरेखीला होता. साल 2011, ऐन पावसाळा. गोव्यात मलेरिया का वाढला होता हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पणजीत आणि मग किनाऱ्यावर इमारती उठू लागल्या. स्लॅबवर क्युरिंगसाठी तुंबवलेलं पाणी, उघड्या टाक्या, विहिरी, आणि त्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास. बांधकामावरच्या कामगारांना आरोग्यकार्ड काढायला लावणारा नियम आपल्याकडे आहे तो त्यातूनच आला. आज रुग्ण फार कमी झालेत, आणि त्यामागे घरोघर फिरून टाक्या तपासणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत. त्यांचं नाव कुठे येत नाही म्हणून इथे सांगते.

भावाची स्लाइड मीच पाहिली. व्हायव्हॅक्स. क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन रोज 15 मिलिग्रॅम. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ताई, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय." मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल. ते वाक्य मला अजून टोचतं. संध्याकाळी त्याला पाहिलं तेव्हा डोळे पिवळे होते आणि जिन्याच्या सहा पायऱ्या चढताना धाप लागत होती. हिमोग्लोबिन 7.4. पहिल्या दिवशी ते 12.8 होतं.

प्रायमाक्विन का देतात हे आधी समजून घ्या. व्हायव्हॅक्सचे काही जंतू रक्तात येतच नाहीत, यकृतात झोपून राहतात. आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात आणि डास न चावता परत ताप येतो. क्लोरोक्विन त्या झोपलेल्यांपर्यंत पोचत नाही. प्रायमाक्विन पोचतं. पण शरीरात या औषधाचे जे पदार्थ बनतात ते तांबड्या पेशींवर गंज चढवावा तसा ताण आणतात. बहुतेकांच्या पेशी तो सहज झेलतात, कारण त्यांच्यात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम असतं. ते ज्यांच्यात जन्मतः कमी, त्यांच्या पेशी त्या ताणाखाली फुटतात. 1956 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी हे कारण शोधलं. त्याआधी फक्त एवढंच ठाऊक होतं की काही माणसांना हे औषध सोसत नाही.

भावाला गोळी देण्याआधी ही तपासणी कोणी सांगितली नव्हती. मीही आठवण केली नाही. गोळ्या थांबवल्या, त्याला दाखल केलं, रक्त न चढवता तो सावरला. तिथे जी-सिक्स-पी-डी तपासलं तर नॉर्मल! आई म्हणाली, देव पावला. पण वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यावर विश्वास ठेवू नका, तीन महिन्यांनी परत करा."

त्यांचं म्हणणं असं होतं. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे जन्माला येताना मिळालेलं एन्झाइम तिला आयुष्यभर पुरवावं लागतं, नवं बनवता येत नाही. वय होईल तसा साठा घटतो. प्रायमाक्विननं आधी त्या म्हाताऱ्या पेशी फुटतात. रक्तात उरतात त्या नव्या, भरल्या शिदोरीच्या. अशा वेळी तपासणी केली तर ती उरलेल्यांचीच होते आणि निकाल चांगला दिसतो. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात त्याला परत ताप आला, डास नाही, काही नाही. यकृतातले उठले होते. तीन महिन्यांनी तपासणी केली, एन्झाइम कमी. मग डॉक्टरांनी त्याला प्रायमाक्विनच दिलं, पण आठवड्यातून एकदा 45 मिलिग्रॅम, आठ आठवडे, दर खेपेला हिमोग्लोबिन पाहून. एका गोळीनंतर जुन्या पेशी थोड्या जातात, पुढच्या गोळीपर्यंत नव्या येतात, आणि शरीराला तोल सांभाळायला सवड मिळते. ज्या औषधानं त्याला पाडलं त्याच औषधानं, चाल बदलून, तो बरा झाला. दर रविवारी सकाळी तो पेज जेवून माझ्याकडे यायचा आणि मी त्याचं बोट टोचायचे.

ही कमतरता आईकडून मुलाकडे येते. बहिणीच्या अंगात ती लपून असू शकते आणि तिच्या मुलात उघडी पडू शकते. माझ्या मुलाची तपासणी मी त्याच वर्षी करून घेतली.

गोव्यात आणखी एक प्रकार पाहायला मिळतो, तो तारवटींमुळे. आफ्रिकेच्या बंदरांतून फॅल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा जंतू घेऊन आलेला खलाशी. हा जंतू सगळ्या वयांच्या पेशींत शिरतो, त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, आणि मेंदूपर्यंत संकट जातं. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन प्राण वाचवतं. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञबाईंना 2015 चं नोबेल ज्या आर्टेमिसिनिनसाठी मिळालं त्याच घराण्यातलं हे औषध. पण दोनेक आठवड्यांनी, ताप नाही, जंतू नाही, तरी अशा काहींचं हिमोग्लोबिन धाडकन उतरतं. पानथरी फार नाजूक काम करते. औषधानं मेलेला जंतू पेशीतून उपसून काढते आणि पेशी परत रक्तात सोडते. माशाचा काटा काढावा तसं. पण अशी काटा काढलेली पेशी फार दिवस टिकत नाही. एकाच वेळी सोडलेल्या पेशी मग थोड्या दिवसांच्या अंतरानं एकत्रच संपतात. म्हणून हे इंजेक्शन घेतलेल्यानं घरी गेल्यावर चार आठवडे, दर आठवड्याला, हिमोग्लोबिन पाहावं. ते औषध न घेण्याचं मात्र हे कारण होऊ शकत नाही, त्यानं माणूस जिवंत राहिला म्हणून तर आपण रक्त मोजतोय.

तर, बोरीच्या त्या सुनेला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पी-डी विचारा, घरात कोणाला औषधानं कावीळ किंवा काळी लघवी झाली असेल तर ते आठवून सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर तेही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत. रिकाम्या पोटी घेऊ नका, पोटात कळ येते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर त्याच दिवशी, फोनवर कोणा ताईला न विचारता, डॉक्टरकडे जा. यातलं काही नसेल आणि तपासणी ठीक असेल तर चौदाच्या चौदा पुऱ्या करा. हिमोग्लोबिन एकानं-दोनानं उतरलं म्हणून गोळी सोडलेले आणि दोन महिन्यांनी परत थरथरत आलेले मी खूप पाहिलेत, आणि दुसऱ्या खेपेला रक्त पहिल्यापेक्षा खालून सुरू होतं.

बीटाचा रस द्यायचा का, असंही तिनं विचारलं. द्या, पण त्याच्या रंगावर जाऊ नका. पानथरीनं मोडलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीरातच राहतं आणि परत वापरलं जातं. म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नयेत. नाचणीचं तिजान, मुगाची उसळ, चालत असेल तर तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि महिनाभर दमानं काम. साधारण तेवढ्यात भरून येतं.

काल ती सासूला घेऊन आली. जी-सिक्स-पी-डी नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्यात. हिमोग्लोबिन 10.3, आणि स्लाइडवर निळसर झाक असलेल्या मोठ्या, कोवळ्या पेशी जागोजाग. मगज उठला की त्या अशा येतात. मी त्यांना भिंगाशी बोलावून एक दाखवली. त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या.