सोलरला ऊन पुरतं, पाणी नडतं

आंघोळीची बादली 20 लिटरची. थंडीत टाकीतलं पाणी साधारण 22 अंशांवर असतं आणि अंगावर घ्यायला 42 पुरे. एवढं तापवायला बादलीमागे जवळपास अर्धं युनिट जातं. चौघांचं रोजचं 1.9 युनिट झालं. आपली वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे नुसत्या आंघोळीपायी रोज 1.3 किलो. हा हिशेब मांडल्यावरच मी पाणी तापवायचा सोलर घ्यायचं ठरवलं.

विक्रेता 200 लिटरचा सुचवत होता, मी 100 चा घेतला. सोलरचं पाणी 60 अंशांचं धरलं तर बादलीत ते साडेदहा लिटरच लागतं, बाकीचं गार. चौघांना 42 लिटर, वर भांड्यांना थोडं. मोठा सोलर सोलापुरात उलट त्रासाचा. उन्हाळ्यात कढत पाणी कुणाला नको असतं, ते टाकीत तसंच तापत राहतं. आणि पाणी जितकं तापतं तितका क्षार लवकर सुटतो, सोलरच्या काचेच्या नळ्यांच्या तळाशी पांढरा चुरा होऊन साचतो.

म्हणूनच बोअरचं पाणी सोलरला जोडलं नाही. साबणाला फेस येत नसेल ते पाणी सोलरपासून लांबच ठेवावं.

तोंड दक्षिणेला, उतार 30 अंशांचा. सोलापूरच्या अक्षांशाला थंडीत तो बरा पडतो. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर वर हवा. सोलरच्या टाकीची हवेची नळी गार टाकीच्या भरल्या पातळीच्याही वर न्यायची, तिला कधीही कॉक लावायचा नाही. ही नळी खाली राहिली की गच्चीवर गरम पाणी सांडत बसतं.

खरी काळजी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्याची. वरची टाकी कोरडी पडली की सोलरमधलं पाणी हळूहळू उडून जातं. रिकामी काचेची नळी उन्हात 200 अंशांच्या वर तापते आणि पाणी आलं म्हणून भर दुपारी मोटर लावली, की गार पाणी लागून तडकते. त्यावर उपाय स्वस्त आहे. सोलरची जोडणी गार टाकीच्या तळातून घेतली आणि घरातल्या नळांची तळापासून फूटभर वर. 500 लिटरच्या टाकीत दीड-पावणेदोनशे लिटर सोलरसाठी राखून राहतं. शिवाय गार लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर गरम पाणी उलटं फिरतं. तरीही कधी कोरडा पडलाच, तर भरायचं ते पहाटे, ऊन यायच्या आत.

साफसफाईही पहाटेच. आधी टाकी रिकामी करायची, रबरी रिंगेला साबणाचं पाणी लावायचं आणि नळी फिरवत फिरवत ओढायची. सरळ हिसका दिला तर टोक फुटतं. तळाचा चुरा ओतून टाकायचा, चिकटलेल्या थराला लिंबूसत्वाचं पाणी भरून तासभर ठेवायचं. खराट्याची काडी आत घालू नये, चरा पडतो.

टाकीतली विजेची कॉइल मी जोडलीच नाही. ढगाळ दिवशी दोन बादल्यांसाठी सगळे 100 लिटर तापवण्यापेक्षा न्हाणीतला जुना 15 लिटरचा गिझर अर्धा तास लावलेला परवडतो.

गरम पाण्याची पाऊण इंची लाइन 14 मीटरची आहे. मीटरला पाव लिटर, म्हणजे सुरुवातीचं साडेतीन लिटर गारच येतं. ते बादलीतच धरायचं, नाहीतरी गार मिसळावं लागतंच. पाइपाला गच्चीवर फोमचं आवरण घातलंय आणि त्यावर ऊन लागू नये म्हणून टेप गुंडाळलीय.

मार्च लागला की निम्म्या नळ्यांवर जुनी चादर टाकून सुतळीने आवळून बांधतो. पाऊस सुरू झाला की काढतो.