दधीची, डार्विन आणि एक सही

मी अवयव प्रत्यारोपण समन्वयक आहे. म्हणजे एखाद्या घरावर आभाळ कोसळलेलं असताना त्यांच्यासमोर बसून काहीतरी मागायचं, हे माझं काम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

विशीतला मुलगा, अपघात, मेंदूमृत्यू: मेंदू कायमचा थांबलेला, श्वास फक्त यंत्रावर. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी घरच्यांना सांगूनही झालं होतं. मग मी आत गेले.

मुलाचे मामा व्यासंगी. त्यांनी लगेच दधीची ऋषींचा दाखला दिला: इंद्राच्या वज्रासाठी स्वतःची हाडं दिली. शिबी राजानं पारव्याला वाचवायला अंगाचं मांस कापून दिलं. चुलते तेवढेच ठाम. देह अग्नीला अखंड द्यायचा, नाहीतर पुढच्या जन्मी तो अवयवच नसतो. मामा गीतेतलं 'वासांसि जीर्णानि' म्हणू लागले, जीर्ण वस्त्रं टाकावीत तसा आत्मा जीर्ण देह टाकतो म्हणून, तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"जीर्ण? विशीतला आहे तो, दादा. मला श्लोक नको सांगूस."

अशा वादात मी पडत नाही. धर्म काय सांगतो हे मला विचारलं, तरी मी त्यांच्याच जाणकारांकडे बोट दाखवते. पण मनात येतं, या ग्रंथांना व्हेंटिलेटर कुठून माहीत असणार? हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूचे निकष मांडले तेच मुळी १९६८ साली.

बाहेर आमचे तरुण निवासी डॉक्टर कुजबुजले, "धर्म बाजूला ठेवला की प्रश्न सोपा आहे, मॅडम." नीतीची मुळं कळपात राहणाऱ्या प्राण्यांच्या सहजप्रवृत्तीत आहेत, हे डार्विननं १८७१ मध्येच मांडलंय, म्हणाले. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोगही त्यांनी सांगितला: जेमतेम दीड वर्षाची मुलं, दोन्ही हातांत सामान असलेल्या अनोळखी माणसाला कुणी न सांगता कपाटाचं दार उघडून देतात. त्यांना कुठला ग्रंथ वाचता येत होता?

प्रयोग मलाही आवडतो. पण मी त्यांना काचेतून आत बघायला सांगितलं. आईनं मुलाचा हात धरला होता. हात उबदार होता, छाती वरखाली होत होती. ऊब आणि श्वास म्हणजे जिवंत माणूस, हे आपल्या रक्तात लाखो वर्षं मुरलंय. तिची सहजप्रवृत्ती तिला सांगत होती, त्याला हात लावू देऊ नकोस. शिवाय त्या मुलांच्या समोर निदान अडलेला माणूस उभा होता. इथे कोण होतं? अवयव कुणाला मिळणार हे आम्ही सांगतच नाही. यंत्रापुढे ग्रंथ आणि रक्त दोन्ही सारखेच अडाणी, असं मला त्या रात्री वाटलं. अजूनही वाटतं.

इतका वेळ गप्प असलेल्या वडिलांनी मला विचारलं, "आत्ता कुठल्यातरी हॉस्पिटलात कुणीतरी असंच बाकावर बसलं असेल ना?"

मी हो म्हटलं. प्रतीक्षायादी लांब आहे, पण नाव नाही सांगता येणार.

"नाव नकोय."

आईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म मागितला. हृदय, यकृत, दोन्ही मूत्रपिंडं. डोळ्यांपाशी थांबली. "डोळे नाही." मामा काही बोलणार होते, पण बोलले नाहीत. कारण लिहायला फॉर्मवर रकाना नसतो, आणि मी ते विचारत नाही. डोळ्यांना नकार देणारे पुष्कळ भेटतात. श्रद्धेमुळे की चेहऱ्यावरच्या मायेमुळे, हे बहुधा त्यांनाही वेगळं काढता येत नसावं.

पुढचे काही तास धावपळीत गेले. मामा फोनवर नातेवाइकांना सांगत होते, शास्त्राची आज्ञाच आहे. डॉक्टर मला म्हणाले, "बघा, शेवटी सहजप्रवृत्तीच." दोघांनाही आपलाच विजय दिसत होता. मी पाहिलेला क्रम असा: निर्णय बाकावरच्या त्या अनोळखी माणसामुळे झाला, श्लोक मागाहून आला. एवढ्यावरून श्लोक निरुपयोगी ठरवायला मात्र मी तयार नव्हते, कारण घरचा निर्णय झाला तरी गोतावळा शिल्लक असतो. तिथे 'मला वाटलं म्हणून दिलं' हे उत्तर टिकत नाही.

तसंच झालं. सकाळी मी कागद घेऊन गेले तेव्हा आई फोनवर होती. पलीकडून कुणीतरी वडीलधारं चढ्या आवाजात सुनावत होतं, पोराला अपुरं पाठवलंस म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दधीची ऋषी पुढच्या जन्मी हाडांवाचून जन्मले, असं कुठे लिहिलंय? असेल तर दाखवा मला."