आखाजीचा झोका

वैशाखाच्या ऐन उन्हात खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते आणि माहेरी आलेल्या लेकींसाठी गावोगावच्या निंबांना झोके बांधले जातात. पितरांची घागर, सांजोऱ्या आणि आमरस यांचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्या झोक्याच्या शिस्तीचे अधिक नवल वाटते.

फांदी उंच असून दोर सहा मीटर लांब असेल, तर पुढे जाऊन पुन्हा मागे येण्यास सुमारे पाच सेकंद लागतात; दोर दीड मीटरचा केला, तर जवळजवळ निम्मी. झोक्यावर कोण बसले आहे, याला या हिशेबात स्थान नाही. भरभक्कम मावशी आणि तिची किडकिडीत भाची यांना सारखाच वेळ लागतो, कारण पृथ्वी जड देहाला जितक्या अधिक जोराने ओढते, तितकेच त्या देहाचे जडत्वही अधिक असते. (बायकांच्या अंगलटीवर सतत शेरे मारणाऱ्या जगात इतका निःपक्षपातीपणा दुसरीकडे क्वचितच आढळेल.) झोका फार उंच गेला, तर मात्र वेळ किंचित वाढतो: दोन्ही बाजूंना 60 अंशांपर्यंत गेल्यास शेकडा सातच्या आसपास.

झोका म्हणजे एक लंबकच. लंबकाच्या या नियमितपणावर विसंबून डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी 1656 मध्ये घड्याळ घडवले. पुढे 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे यांना पॅरिसहून नेलेले घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडताना दिसले, कारण तेथे पृथ्वीची ओढ थोडी कमी आहे.

उंची मात्र पृथ्वी फुकट देत नाही. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघी टोकाला गुडघे वाकवतात आणि झोका तळातून जाताना ताठ होतात. सर्वाधिक ओढ असते नेमक्या त्या ठिकाणी स्वतःचा भार वर उचलण्याचे हे कष्टच झोक्याला उंच नेतात. पाय थांबले, की हवेचा अडथळा आणि फांदीवरचे घर्षण ती कमाई हळूहळू परत घेतात.

60 अंशांवरून खाली येताना तळाशी दोरावर वजनाच्या दुप्पट ताण येतो, म्हणजे दोघी मिळून शंभर किलोच्या असतील, तर दोर दोनशे किलोंचा भार पेलत असतो. म्हणून फांदीवर दोराखाली गोणपाट गुंडाळणारा आणि लेकींच्या आधी स्वतः लोंबकळून पाहणारा काका योग्यच करतो, फक्त त्याने सोबत आणखी तिघांना लोंबकळायला घ्यावे.