निकेल-लोखंडाच्या उत्प्रेरकाचा आकडा पटवताना

पाण्यापासून हायड्रोजन सुटा करायला कागदावर 1.23 व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त द्यावे लागतात, आणि ही वरची भरती कमी करणं हे उत्प्रेरकाचं काम. कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, हायड्रोजन त्या मानाने मुकाट सुटतो. अडून बसतो तो ऑक्सिजन, कारण त्याचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात. पाणी फोडणाऱ्या आम्लधर्मी सेलमध्ये हे काम इरिडियम या धातूकडे असतं. ते जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींमधून. निकेल आणि लोखंड मुबलक आहेत, पण आम्लात विरघळतात. म्हणून मी अल्कलीची वाट धरली.

बनवण्यात फार काही नाही. निकेल फोम, म्हणजे स्पंजासारखा सच्छिद्र निकेल, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात स्वच्छ केला, निकेल नायट्रेट, आयर्न नायट्रेट आणि युरियाच्या द्रावणात बुडवला आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद दाबपात्रात) 120 अंशांवर रात्रभर ठेवला. सकाळी राखाडी फोमवर निकेल-लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा पिवळसर तपकिरी थर. स्फटिकरचना पाहायला एक्स-रे घेतला की आलेखात फोममधल्या निकेलचीच शिखरं उंच दिसतात, म्हणून थोडा थर खरवडून पावडर वेगळी तपासली. थरांची रचना सांगणारं शिखर 11 अंशांच्या कोनाच्या जरा पुढे मिळालं.

खरी कसोटी मोजमापात होती. या क्षेत्रात 10 मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला किती ओव्हरपोटेन्शियल (म्हणजे वर सांगितलेली व्होल्टेजची भरती) लागतं, हा आकडा सगळे विचारतात. निकेलच्या बाबतीत तो फसवा असतो. साधारण 1.4 व्होल्टच्या आसपास निकेलचंच ऑक्सिडीकरण होतं, आणि फोमचं पृष्ठफळ इतकं मोठं असतं की ऑक्सिजनचा एक बुडबुडाही न येता 10 मिलिअँपिअर सहज दिसतात. आलेख सुंदर, उत्प्रेरक अफाट, आणि गॅस शून्य! म्हणून मी प्रवाह स्थिर धरून, व्होल्टेज स्थिरावल्यावरच आकडा घ्यायचा असं ठरवलं.

दुसरा गुंता द्रावणाच्या रोधाचा. एक ओहम रोध असेल तर 10 मिलिअँपिअरला फक्त 10 मिलिव्होल्टचा फरक पडतो. 500 मिलिअँपिअरला तोच अर्धा व्होल्ट होतो. हा फरक वजा करण्याला दुरुस्ती म्हणतात; तिथे ती किती टक्के केली हे न सांगता छापलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. मी 85 टक्क्यांवर थांबले आणि दुरुस्तीआधीचा आलेखही शेजारी ठेवला. काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे समोरचा जोडीदार इलेक्ट्रोड, प्लॅटिनमचा न घेता ग्रॅफाइटचा घेतला. त्याच सेलमध्ये हायड्रोजनची बाजूही तपासायची होती, आणि प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तपासायच्या इलेक्ट्रोडवर बसतं. मग स्वस्त उत्प्रेरकाच्या नावाखाली आपण प्लॅटिनमच मोजत बसतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तुलनेच्या नमुन्याने. लोखंड न घातलेलं नुसतं निकेल हायड्रॉक्साइड मोजमापाच्या दर फेरीला सुधारत होतं. कारण बाटलीतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येच लोखंडाचा अंश असतो आणि निकेल तो ओढून घेतं. डेनिस कॉरिगन यांनी 1987 सालीच हे दाखवलं होतं. उपायही निकेलच्या याच खोडीतून निघतो: वेगळं निकेल हायड्रॉक्साइड बनवून त्या द्रावणात ढवळायचं, त्याने लोखंड शोषलं की सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्यायचं. काचेची भांडी बाद, कारण अल्कली काच खाते आणि तिच्यातल्या अशुद्धी द्रावणात उतरतात. प्लॅस्टिकच्या सेलमध्ये शुद्ध द्रावण भरल्यावर नुसतं निकेल सपशेल मागे पडलं आणि लोखंडाचा खरा वाटा पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

परीक्षकांनी विचारलं, सगळा प्रवाह गॅसमध्येच जातो कशावरून? रास्त प्रश्न. एक अँपिअर तासभर वाहिला तर 0 अंश आणि एका वातावरणदाबाला सुमारे 418 मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन यायला हवा. उलट्या ब्युरेटमध्ये दोन्ही गोळा केले, तापमान हिशोबात घेतलं, पाण्याच्या वाफेचा दाब वजा केला, आणि हिशोब जुळला. या साध्या प्रयोगाने परीक्षकांचं जेवढं समाधान झालं तेवढं माझ्या महागड्या सूक्ष्मदर्शक चित्रांनी झालं नव्हतं.

सध्या काम चालू आहे ते 30 टक्के अल्कलीत, 80 अंशांवर. कारखान्यातल्या अल्कलाइन सेलची परिस्थिती साधारण अशीच असते. इथे थरातलं लोखंड हळूहळू द्रावणात निघून जातं आणि व्होल्टेज चढू लागतं. द्रावणात लोखंडाचा अगदी थोडा अंश ठेवला तर गेलेली जागा भरून निघते. मात्र तेच लोखंड कॅथोडवरही जाऊन बसतं. त्यामुळे सध्या नियमित नमुने काढून द्रावणातलं लोखंड मोजते आहे, आणि त्याची मात्रा किती ठेवली तर दोन्ही बाजूंचं भागेल ते शोधते आहे.