एकाच वाणावर हवाला नको

उत्तरा नक्षत्राचा पाऊस बरा झाला, आज वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळाला आणि ज्वारी पेरायला घेतली. खालच्या भारी काळ्या रानात फुले वसुधा वाण, मधल्या तुकड्यात मालदांडी, माळाकडच्या मुरमाड पट्टीत फुले अनुराधा. आबांचं म्हणणं, सगळीकडं मालदांडीच टाक, भाकरीला तिच्यासारखी चव नाही. चवीचं खरंय ओ. पण हलक्या रानातली ओल लवकर उडते, तिथं ताण सोसणारं वाणच पाहिजे.

कणसावर काणी रोग येऊ नये म्हणून बियाण्याला किलोमागं ४ ग्रॅम गंधक चोळलं. हात अजून पिवळे आहेत. सहा ओळी ज्वारी, तीन ओळी करडई असा पेरा केला. ज्वारी हुकली तरी करडई खोलवरची ओल ओढून काहीतरी पदरात टाकते.

पीकविमा भरणारच. एक रुपयातला विमा आता गेला. रब्बी धान्याला विमा रकमेच्या दीड टक्क्यापर्यंत हप्ता. पण भरपाई महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर ठरते, माझं एकट्याचं रान वाळलं तर त्याचा काय उपयोग? माझा भरवसा कोळप्यावर जास्त. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवली की भेगा बुजतात, ओल टिकते.

पाखरांवर मात्र इलाज सापडेना. आजूबाजूला सगळा ऊस नाहीतर मका, म्हणजे सगळे थवे आमच्याच कणसांवर. हुरड्याला या सगळे, पण येताना गोफण आणा.